सातपिंप्रीच्या होडीचा तळ

सुपडूशी बोलायला गेलेला माणूस बहुधा भांडूनच परत येई. धुळ्याच्या देवपुरात त्याच्या कूलर बनवायच्या शेडच्या डावीकडचा पिठाच्या गिरणीवाला नऊ वर्षांपासून त्याच्याशी बोलत नव्हता. उजवीकडच्या घरातली मंडळी फायबर घडवायच्या रेझिनच्या वासावरून महिन्यातून एकदा तरी तावातावाने येत आणि दुप्पट ऐकून जात. गिऱ्हाईक तर त्याच्या लेखी जन्माचा वैरी. कूलर बघायला आलेल्याने फायबरवर नुसती टिचकी मारली तरी हा उखडायचा, "टिचकी काय मारता? माठ घ्यायला आलात का?"

तरी गिऱ्हाइकं येत. कारण सुपडूचा कूलर बारा-बारा उन्हाळे गळत नसे, आणि हे साऱ्या धुळ्याला माहीत होतं. सुरतेला न्हाणीघरातले टब बनवणाऱ्या कारखान्यात त्याने अकरा वर्षं काढली होती. काचेच्या मॅटचे बारीक काटे अंगात भरून घेतले होते, इतके की अजून त्याची बायको त्याचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची. तिथल्या मालकाशीही तो भांडूनच निघाला. पण त्याचं एक होतं. खोट्या बाजूने तो कधी भांडला नाही. आपण बरोबर आहोत हे आधी पक्कं करायचं आणि मग समोरच्याला सोलून काढायचं, ही त्याची रीत. लोक म्हणत, सुपडू भांडखोर आहे. खरं तर तो बरोबर होता म्हणून भांडखोर होता, आणि असा माणूस फार त्रासदायक असतो.

यंदा फाल्गुनात मात्र त्याच्या कामावरच बोट ठेवलं गेलं.

सहा वर्षांपूर्वी निर्मलकुमार शेठनी सातपिंप्री गावाला एक होडी दिली होती. शेठ धुळ्याचे, सरकी-बियाण्याचे व्यापारी. धरणाचं पाणी सातपिंप्रीला तीन बाजूंनी वेढून बसलं आहे आणि एसटीचा रस्ता पलीकडच्या काठावर. तेव्हा शेठनी वडिलांच्या स्मरणार्थ कोकणातून फायबरची एक जुनी होडी आणवली. तिला आत पाय ठेवायला तळ नव्हता. तो बसवायचं काम सुपडूला दिलं. सुपडूने प्लायच्या फळ्या कापल्या, बसवल्या, वरून काचेची मॅट आणि रेझिन चढवलं. होडीच्या कडेला शेठच्या वडिलांचं नाव रंगलं, फोटो निघाले, आणि तेव्हापासून सुपडूला शेठच्या ओळखीने जिल्हाभर काम मिळत गेलं.

ती होडी झुलाल चालवायचा. झुलालची मुलगी सारिका बारावीच्या पेपरला निघाली होती. होडीत पाऊल टाकलं आणि तळच खाली गेला. पाय गुडघ्यापर्यंत आत, आणि फाटलेल्या फायबरची कड करवतीसारखी पोटरीत शिरली. सतरा टाके पडले. पेपर बुडाला तो बुडालाच. दोन दिवसांत पंचक्रोशीत बोललं जाऊ लागलं, की धुळ्याच्या कूलरवाल्याने पोरांच्या पायाखाली कूलरचा हलका प्लाय घातला होता.

शेठचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मऊ.

"सुपडूभाऊ, तळाला आपण प्लाय कुठला घातला होता?"

शेठ ओरडले असते तर सुपडू दुप्पट ओरडला असता. त्यांनी नुसतं विचारलं, आणि तेच त्याला झोंबलं. "शेठ, मी तळ सगळ्या गावासमोर उखडतो," तो म्हणाला. "माझा माल खोटा निघाला तर शेडला कुलूप लावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत ग्राइंडर, जनरेटर, रेझिनचा ड्रम, मॅटची गुंडाळी आणि नवा प्लाय घालून तो लांबच्या वळशाने सातपिंप्रीच्या काठावर उतरला. गाव जमलंच होतं. होडी काठावर ओढून ठेवलेली. कुणी चहा विचारला नाही, पाणीसुद्धा नाही.

"उना रे कूलरवाला!" मागून कुणीतरी ओरडलं.

झुलाल पुढे झाला. एरवी तो गरीब माणूस, पण त्या दिवशी डोळे लाल. "सुपड्या, मन्ही आंडेरले सतरा टाका पडनात. तठे तू प्लाय टाका व्हता का पुठ्ठा?"

"आधी मी उखाडीसन दखाडस," सुपडू म्हणाला. "मंग बोल. तवलोंग तोंड बंद ठेव."

सुपडूने नाकाला फडकं बांधलं आणि ग्राइंडर चालू केला. पांढरी धूळ उडाली तशी बघे दहा पावलं मागे सरले, शिव्या मात्र तिथूनच चालू राहिल्या. कडेला चार बोटं पट्टी राखून त्याने तळाचा वरचा थर चौकोनात कापला, पहारीने उचकटला. खाली प्लाय कसला, काळा भिजका भुगा. चहात पडलेल्या बिस्किटासारखा हातात येत होता. गावाला आणखी जोर आला. झुलाल तर काठच्या दगडावर थुंकला.

सुपडूने भुगा बाजूला लोटला. तो होडीच्या पुढच्या टोकाशी गेला. नावाडी उभा राहतो त्या जागी रबराची जाड चटई चिकटवलेली होती. ही आपण टाकलेली नाही, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. त्याने ती ओरबाडून काढली. खाली ओळीने सहा खिळे. मोठे, घोड्याच्या नालेला मारतात तसे, गंजून फुगलेले. प्रत्येकाभोवती हळदीकुंकवाचा काळपट डाग.

"हाई काय शे?" त्याने विचारलं.

मग झुलालची आई कमलबाई गर्दीतून पुढे आली. सत्तरीची, वाळक्या अंगाची, नजर मात्र काठावरच्या घारीसारखी. "मी ठोकस," ती म्हणाली. "दर अखाजीले एक. मन्हा सासराना वखतपाईन चालू शे. घरनी मोठी बाई खिळा ठोकस, मंगच होडी पानीमा जास. आजलोंग कोनी बुडनं नही."

सुपडूला हवं होतं ते हातात आलं. आता तो सोडतो होय? सहा खिळे त्याने एकेक करून उपटले, तळहातावर घेतले आणि गावाच्या तोंडासमोरून फिरवले.

"अक्का, ती होडी लाकुडनी व्हती. लाकुड पानीमा फुगस, खिळाले आवळीसन धरस. हाई फायबर शे. आठे छेद पडना का पानी मझार, आनि मझार गयं ते बाहेर येत नही. सहा वरीस तुम्ही सोता पानी पाजं ह्या तळले. वरतून चटई टाकी, म्हणजे कोनले दिसाले नको! आनि बदनाम कोन? सुपडू!"

त्याने मनसोक्त तोंडसुख घेतलं. अडाणी म्हणून झालं, देवभोळे म्हणून झालं, दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारे म्हणून झालं. आणि गाव फिरलं. ज्यांनी घटकेपूर्वी त्याला शिव्या दिल्या, तेच आता म्हातारीकडे वळले. एक जण म्हणाला, आम्ही तेव्हाच म्हणत होतो. कोणी म्हणत नव्हतं. अक्षय्य तृतीयेला खिळा ठोकताना सगळेच नारळाचा तुकडा खायला हात पुढे करून उभे असत. पण गावाला दोष ठेवायला एक डोकं लागतं, आणि म्हातारीचं सोयीचं होतं.

सगळ्यात वाईट झुलाल बोलला. "माय, तुन्हा खिळास्नी मन्ही आंडेरना पाय फाडा."

लुगड्याचा पदर कमलबाईने तोंडात धरला आणि काठावरच्या धोंड्यावर बसली. सुपडूने तिथूनच शेठना फोन लावला, मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असा. शेठ म्हणाले, "चला, मला खात्रीच होती." सुपडूच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुपार झाली. गावाने आता त्याला चहा आणून दिला. तो पिऊन सुपडू मागच्या भागाकडे वळला. तिथे खिळे नव्हते, रबर नव्हतं, कुणी फारसं उभंही राहत नसे. तिथला तुकडा जवळजवळ अखंड निघाला. तो हातभर फळी घेऊन उठला आणि सहज तिची खालची बाजू वर केली.

खालची बाजू उघडी होती. नुसतं लाकूड. त्यावर रेझिनचा एक थेंबही नव्हता. आणि ती बाजू काळी पडून सोलत होती. वरून नव्हे, खालून.

त्याने दुसरी फळी उलटली. तीही तशीच. तिसरी तशीच.

त्याला सगळं आठवलं. ते वैशाखातले दिवस होते, हार्डनर टाकताच रेझिन बादलीत गोठत होतं, हात भराभर चालत होते. कूलरला पाणी आतल्या बाजूने लागतं, म्हणून तो आयुष्यभर एकाच बाजूला हात देत आला होता. होडीच्या पोटात तळाखाली पाणी साचतं आणि दमट वाफ फळीला खालून खाते, हे त्याला सुरतेपासून माहीत होतं. पण हाताने कूलरची सवय लावून घेतली होती. सहा वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता की दोन्ही बाजूंनी कोट आहे, आणि त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

गावातल्या कुणाला हे कळणार नव्हतं. त्यांना फळी म्हणजे फळी. सडका ढीग पेटवून दिला असता की संपलं. सुपडूने ढिगाकडे पाहिलं, काडेपेटी खिशातच होती. मग धोंड्याकडे पाहिलं. कमलबाई अजून तिथेच होती आणि तिच्याजवळ कुणी फिरकत नव्हतं. सुपडूला तिची दया आली असं म्हणावं तर ते खोटं होईल. त्याला आला तो राग, आणि तो नेमका कुणावर काढावा हे आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कळेना. आतापर्यंत तो साऱ्या जगाशी भांडला तो एका गोष्टीच्या जोरावर. ती गोष्ट आता त्याच्या हातात काळी पडून सोलत होती. ती जाळली असती तर उद्यापासून गिरणीवाल्याशी तो कुठल्या तोंडाने भांडणार होता?

फळी घेऊन तो गर्दीपुढे गेला आणि ती धाडकन जमिनीवर आपटली.

"देखा बठ्ठा जन! हाई खालनी बाजू. आठे मन्हा हात फिरनाच नही. खिळा नसता तरी हाऊ तळ सडनाच व्हता. खिळास्नी दोन वरीस आधी सडना, बस." आणि शेवटी, जणू गावानेच काही गुन्हा केला असावा अशा आवाजात, "मन्ही चूक शे! आते काय माले खाशात?"

झुलाल पुढे आला, फळीकडे पाहिलं, सुपडूकडे पाहिलं आणि त्याची कॉलर धरली. मारलं नाही. धरली आणि सोडली. बाकीचे शिव्या द्यायच्या विचारात होते, पण सकाळपासून दोनदा बाजू बदलून तेही दमले होते.

कमलबाई उठून आली.

"मंग सकायपाईन बठ्ठा माले बोली राह्यनात," ती म्हणाली, "तवय तुन्हं तोंड कोठे गयं व्हतं?"

"माले तवय माहीत नव्हतं."

"तुन्हं काम, आनि तुले माहीत नव्हतं?"

सुपडूने शेठना पुन्हा फोन लावला, यावेळी बाजूला जाऊन, आणि जे होतं ते सांगितलं. "त्या होडीवर आमच्या वडिलांचं नाव आहे, सुपडूभाऊ," शेठ म्हणाले. "काम पूर्ण करून द्या. पुढच्या कामांचं मी कळवतो." ते कधीच कळवणार नव्हते, हे दोघांनाही त्याच क्षणी ठाऊक होतं.

होडीचं पोट चार दिवस उन्हात वाळवलं. आतले आधाराचे उभे पट्टे सुपडूने ठोकून पाहिले, एक पोकळ निघाला, तो बदलला. पुठ्ठ्यावर माप घेऊन नवे तुकडे कापले. पाचव्या दिवशी, ऊन चढायच्या आत, त्याने प्लायच्या फळ्या रिकाम्या ड्रमांवर पालथ्या मांडल्या आणि खालच्या बाजूला रेझिन लावायला घेतलं. झुलाल लांब बसून बिडी ओढत होता. तो त्याच्याशी बोलत नव्हता आणि बोलणारही नव्हता.

कमलबाई आली. हातात बादली होती. ती तिने फळ्यांपासून चार हातांवर पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

"वास लागी अक्का, दूर बठा," सुपडू म्हणाला.

"लागू दे."

तो पुढे सरकला की ती बादली पुढे सरकवायची. एक फळी झाली, दुसरी झाली. सुपडूच्या कपाळाची शीर उडत होती. तीस वर्षांत कुणी त्याच्या कामावर पहारा बसवला नव्हता. सुरतेच्या मालकाचीसुद्धा ती छाती झाली नव्हती. तिसरी फळी उरकून तो चौथीला हात घालणार तोच म्हातारी बोलली.

"आठे राह्यनं."

तिचं बोट तिसऱ्या फळीच्या कोपऱ्याकडे होतं. सुपडूच्या जिभेवर शिवी आली, चांगली सणसणीत. ब्रश तसाच हातात धरून तो रागारागाने वाकला, डोळा फळीच्या पातळीला आणला. सगळी फळी ओली चमकत होती. कोपऱ्यातली तळहाताएवढी जागा कोरडी होती.

त्याने ती जागा भरली. मग पुन्हा एकदा भरली. आणि मान वर न करता म्हणाला, "अक्का, आखो कोठे?"

"तू कर," ती म्हणाली. "मी देखी राह्यनी."