भामाबाईंनी सरळ केलेले थेंब

पनवेलच्या एका कॉलेजात भामा घरत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. गव्हाणच्या मिठागरात राबलेले हात, पण अक्षर छापल्यासारखं. म्हणून १९९३ साली तिथल्या प्राध्यापिका सुमती केळकर मॅडमनी आपल्या संशोधनाची वही त्यांच्याकडे दिली.

प्रयोग असा: बारीक सुईतून स्पिरिट थेंबाथेंबानं सोडायचं आणि सुईला हजारो व्होल्टची वीज द्यायची. व्होल्टेज वाढवलं की थेंब भराभर पडत, आणि शेवटी सुईच्या टोकाशी शंकू होऊन धुक्यासारखा फवारा उडे. दोन थेंबांमधला वेळ यंत्रावर दिसे. तो भामाबाईंनी लिहायचा.

पहिल्याच आठवड्यात एक वायर सैल राहिली, आकडे विस्कटले. "घरतबाई, लक्ष कुठं असतं तुमचं?" मॅडम विद्यार्थ्यांसमोर कडाडल्या.

पुढे, फवारा सुरू होण्याच्या जरा आधी, थेंब वेडेवाकडे पडायला लागले. एक वेळ लांब, एक आखूड. मग तर कशाचा कशाला मेळ नाही. भामाबाईंनी तीनदा वायरी तपासल्या. घट्ट होत्या. तरी पुन्हा बोलणी खायची भीती. त्यांनी मधला आकडा काढला आणि सगळीकडे जवळपास तोच लिहिला.

त्या आकड्यांवरचा निबंध मॅडमनी पुण्याच्या परिषदेत वाचला. तिथं कुणीतरी त्यांना विचारलं, "फवाऱ्याआधी गडबड दिसली नाही?"

"छे! आमच्या घरतबाईंच्या नोंदी चोख असतात," असं आपण ठणकावलं, हे मॅडमनी परत येऊन कौतुकानं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भामाबाई मॅडमसमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, ते आकडे थेंबांचे नाय. माझे हायेत."

मॅडमनी वही उघडून ते आकडे पुन्हा तपासले. मग त्यांनी निबंध मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. दिवाळीच्या सुट्टीत दोघींनी प्रयोग पुन्हा केला. थेंब पुन्हा तसेच वेडेवाकडे पडले.

"एक थेंब तुटला की मागे उरलेला द्रव थरथरतो, त्यावर पुढचा थेंब ठरतो," मॅडम म्हणाल्या. "ही गडबडच खरी होती. मी तशी ओरडले नसते, तर तुम्ही लपवली नसती."

"नाय मॅडम. लिवलं मीच."

दोन वर्षांनी नवा निबंध छापून आला. शेवटी आभारात भामाबाईंचं नाव होतं. लेक सुनीतानं ते शेजारणींना मोठ्यानं वाचून दाखवलं. भामाबाई मान खाली घालून उठल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.