नळीच्या काठावरचे बुडबुडे

माझं पहिलं मूल आठव्या महिन्यात झालं आणि एक दिवस जगून गेलं. त्या दिवसातलं मला दुसरं काही आठवत नाही, फक्त त्याची छाती आठवते. प्रत्येक श्वासाला ती बरगड्यांखाली आत ओढली जायची आणि श्वास सोडताना तोंडून बारीक कण्हणं यायचं.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा सत्तरीचं दशक अर्धं सरलं होतं आणि मी धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. मुळातच माझ्या पायाला भिंगरी. घरात काय, प्रयोगशाळेत काय, मला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नसेल. आणि आठवा लागतो न लागतो तोच पाय सुजले, डोकं ठणकू लागलं, रक्तदाब चढला. डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या दवाखान्यात खाटेवर आडवं केलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. मला म्हणजे शिक्षाच.

"आत्ता बाळ काढलं तर त्याला श्वास जमेल का, हा प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. "आणि थांबलो तर तुझं काय होईल, हा दुसरा."

बाई परदेशी मासिकं मागवून वाचायच्या. त्यांनी मला समजावलं की पिकलेल्या फुप्फुसात साबणासारखा एक पदार्थ तयार होतो. तो नसला तर श्वास सोडला की फुप्फुस ओल्या पिशवीसारखं चिकटून बसतं. माझ्या पहिल्या बाळाचं तेच झालं असणार. तो पदार्थ थोडा पोटात बाळाभोवती असलेल्या पाण्यातही उतरतो. ते पाणी सुईनं काढायचं, स्पिरिटबरोबर नळीत घालून जोरात हलवायचं आणि नळी पाव तास स्थिर ठेवायची. काठाशी बुडबुड्यांचं कडं टिकलं तर फुप्फुसं तयार आहेत. इतकी साधी परीक्षा कुणीतरी नुकतीच शोधून काढली होती आणि मला तिचं इतकं कौतुक वाटलं की पोटात सुई जाणार हेच मी विसरले.

नळ्या माझ्याच प्रयोगशाळेतून यायच्या होत्या. नवऱ्यानं त्या आदल्या संध्याकाळी घरी आणल्या आणि सकाळी दवाखान्यात पोचवल्या.

बाईंनी नळी हलवून खिडकीत उभी केली. खाली रस्त्यावरून ट्रक गेला की खिडकीची तावदानं थरथरायची आणि मी ट्रकवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालायचे. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. शिंदखेड्याकडच्या, गावभर सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही तेच म्हणे. आठव्या महिन्याची त्यांना धास्तीच होती. "आठवा महिनानं पोरगं टिकस नही," हे त्या तीनदा तरी पुटपुटल्या.

पाव तास झाला. बुडबुड्यांचं दाट कडं तसंच होतं. बाईंचा चेहरा उजळला. "आज दुपारीच काढू," त्या म्हणाल्या.

मलाही आनंद झाला, नाही असं नाही. पण तो फेस बघून मला चैन पडेना. तो फार पांढरा होता, फार टवटवीत. असा फेस मी पोरांच्या नळ्यांमध्ये शेकडो वेळा पाहिला होता आणि त्यांना पुन्हा धुवायला पाठवलं होतं.

"नळ्या कुणी धुतल्या?" मी विचारलं.

"मी," अक्का अभिमानानं म्हणाल्या. "कालेजनी वस्तू शे ती, काय काय लागेल राहस तिले! दोनदाव पावडर लाईसन धुई टाक्यात."

तेव्हा ती धुण्याची पावडर नवी नवी आली होती आणि अक्कांच्या हातून घरातली एक वस्तू तिच्यातून सुटत नसे. मी ओरडले. "अक्का, काय केलंत हे! हा फेस पावडरचा आहे! माझ्या बाळाचा नाही!" दवाखानाभर ऐकू गेलं असेल. राग आला तो आला. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

सुईनं काढलेलं थोडं पाणी उरलं होतं. बाईंनी दुसरी नळी स्वतः पाण्यानं पुन्हापुन्हा विसळून घेतली, शेवटी स्पिरिटनं. पुन्हा हलवणं, पुन्हा पाव तास. या वेळी बुडबुडे एकेक करून फुटत गेले. काठ कोरडा झाला.

दुपारी बाळ काढलं असतं तर काय झालं असतं, ते तिथे प्रत्येकाला कळलं. अक्कांनाही कळलं.

मग थांबणं सुरू झालं. मीठ बंद, कळण्याची भाकरी आणि ठेचा तर स्वप्नातच. बाई दंडाला पट्टा आवळायच्या आणि मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाचायचे. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी मरेन का, हे मी एकदाच विचारलं आणि बाईंनी पट्टा पुन्हा आवळला. अक्का रोज यायच्या. ज्यांचे हात कधी रिकामे पाहिले नव्हते त्या हात पदराखाली घेऊन बसायच्या. पाण्याचा तांब्यासुद्धा नर्सला द्यायला सांगायच्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सुई, पुन्हा नळी. कडं टिकलं. बाईंनी नळी उजेडात धरून मला दाखवली आणि लगेच ऑपरेशनची तयारी केली.

शुद्धीवर आले तेव्हा बाळ शेजारी होतं. रडलं म्हणे, चांगलं खणखणीत. मला ते पटेना. मी दुपटं सोडलं आणि छाती पाहिली. कितीतरी वेळ पाहिली. ती आत ओढली जात नव्हती. वर यायची, खाली जायची, आवाज न करता.

मान वळवली तर अक्का दारातच उभ्या. आत येईनात. पदराखालून त्यांनी ओले हात बाहेर काढले आणि मला दाखवले.

"हात लावू का मी?" त्यांनी विचारलं. "पावडर नही लाई. निस्ता पानीघाई धुयात."