दुमडून शिवलेला कोपरा

माझ्या पाळण्याची चादर मी निळी करून ठेवली. करायची होती पांढरी. पिवळ्या पडलेल्या सुताला थोडी नीळ द्यावी, असं कुठंतरी ऐकलं होतं. थोडी म्हणजे किती, ते ऐकायचं राहिलं. अर्धी बाटली सरळ कापडावर ओतली.

चादर साधी सुती, पण चारी बाजूंनी क्रोशाची झालर. मी पोटात असताना आईनं ती विणली, असं आईच सांगायची. ती गेल्यावर मी फक्त ही चादर मागून घेतली. गेल्या महिन्यात ताईनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, नातवासाठी मागितली, तर म्हणालो, "ही खास माझ्यासाठी विणलेली. दुसरं काहीपण माग." पन्नाशी उलटलेला माणूस पाळण्याच्या चादरीसाठी अडून बसला. ताई "बरं" म्हणाली. एवढं अडलोय तर निदान नीट तरी ठेवावी, म्हणून हा धुण्याचा घाट.

नशिबानं त्या दिवशी नळ आला होता. नीळ उतरवायला पाच बादल्या गेल्या.

"आठवड्याचं पाणी एका चादरीला," बायको दारातून म्हणाली. "आम्ही काय निळीनं आंघोळी करायच्या?"

मग रिठ्याच्या पाण्यात भिजवली, न पिळता टॉवेलवर पसरली, झालरीच्या टोकाटोकाला टाचण्या लावल्या. एक कोपरा काही केल्या ताणला जाईना. बघतो तर आत दुमडून शिवलेला. टाके उसवले. आत तीन काळे ठिपके.

लिंबू-मीठ चोळलं, उन्हात ठेवलं. ठिपके तसेच. शेवटी ताईला फोन लावला.

"निघायचं नाय ते," ती म्हणाली. "धोब्याची खूण हाय, बिब्ब्याची. कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून घरोघरची वेगळी असायची."

"आपली कोणती?"

"आपली दोन ठिपके आन रेघ. तीन ठिपके खालांचे."

खाला म्हणजे लहानपणी शहागंजात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजारीण.

"म्हणजे झालर त्यांनी विणली?"

"व्हय. बाळाला पहिलं कापड वापरलेलंच घालायचं, म्हणून आईनं मागून आणली. आधी त्यांची दोन पोरं, मग मी, मग तू. परत द्यायची राहिली. आईला कुठं येत होतं क्रोशाचं?"

"मग मला असं का सांगितलं?"

"तुला सगळं माझं जुनंच मिळायचं. लई रडायचास. एकदा ती म्हणाली, ही तुझ्यासाठी विणली. गप झालास."

"मागच्या महिन्यात तरी सांगायचंस."

"म्हणलं, आता कशाला रडवायचं."

फोन ठेवला. ही गोष्ट मी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितली होती, आणि दर वेळी ताई समोर बसून चहा पीत होती. अख्ख्या चादरीत आईच्या हातचं एवढंच होतं, खूण लपवायला घातलेले टाके. तेही मी उसवून केरात टाकले होते.

बायको भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही, तेव्हाच काय ते समजलो.

"तुलापण माहीत होतं?"

"लग्नाच्या वर्षीच आई बोलल्या होत्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, त्याला तेवढं एकच नवं दिलंय, काढून घेऊ नको. आता वाळली की ताईंना देऊन या. आणि तो कोपरा परत शिवत बसू नका."