डॉच्या पुढचं टिंब

पट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण लाकडी पट्टी न लावता ती फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायची, म्हणून बापाने ते नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की शाळेतल्या मास्तरांपासून शेजारच्या न्हाव्यापर्यंत सगळे तिला पट्टीच म्हणू लागले. बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला सगळा रस्ता पेंटर म्हणायचा, आणि गंमत म्हणजे घरात बायकोसुद्धा. "पेंटर, पान वाढलंय, या आता," अशी हाक आली की हा ब्रश कानावर अडकवून जेवायला बसायचा.

दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. भिंतीला टेकवलेल्या ओल्या पाट्या, मळक्या चिंध्या आणि नाकात जाऊन बसणारा टर्पेंटाइनचा वास. पट्टी तिथेच वाढली. बापाची काम करायची एक पद्धत होती. अक्षराची कड मारायची वेळ आली, की ब्रश रंगात बुडवायचा, डब्याच्या काठावर निथळायचा आणि ओठांत धरून हलकेच फिरवायचा. चिंधीने पुसलं की ब्रशचे केस फाकतात, ओठांनी आवळले की अगदी सुईसारखं टोक निघतं. पेंटर ते त्याच्या बापाकडून शिकला होता. रंगवताना बोलायचं झालं तर तो ब्रश तसाच ओठांत ठेवून बोलायचा. त्याचं ते बोबडं बोलणं घरातल्यांना सवयीने कळायचं. पट्टी लहान असताना तो तिला हसवण्यासाठी डोळे मिटून रंग ओळखून दाखवी. जिभेच्या शेंड्याला ब्रश लावायचा आणि म्हणायचा, "हा पांढरा. गोडसर लागतो." मग दुसरा. "हा पिवळा." कधी चुकत नसे. पट्टी टाळ्या पिटायची.

ती कॉलेजात जायच्या सुमाराला शहरातलं एक जुनं रंगाचं दुकान बंद पडलं आणि मालकाने मागच्या खोलीतले धूळ खात पडलेले सगळे डबे पेंटरला देऊन टाकले. पेंटरचा आनंद काय वर्णावा! लेबलं उडालेली, झाकणं गंजलेली, पण आतला रंग लोण्यासारखा दाट. "हल्लीचा रंग म्हणजे रंगीत पाणी गं," तो म्हणाला. "हा बघ, एका हातात कसा बसतो." त्या डब्यांवर तो जीव टाकायचा.

वर्ष सरायच्या आत त्याचा उजवा हात गेला. हात पुढे धरला की मनगट खाली लोंबायचं, बोटं काही केल्या वर उचलता येत नव्हती. त्याआधी काही महिने पोटात अशा कळा यायच्या, की तो गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर पडून राही. स्वभावही पार बदलला. ज्याने पोरीला कधी टपली मारली नाही, तो ताटं भिरकावायला लागला. डॉक्टरने नस दबली असेल म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. रस्त्यातले लोक डोळे मिचकावून म्हणायचे, पेंटरने बाटली जवळ केली वाटतं. आईने ते ऐकलं, तोंडातून अवाक्षर काढलं नाही आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसांच्या फरश्या पुसायला जाऊ लागली. घरातलं बाहेर सांगायचं नाही, हा त्या घराचा कडक नियम होता.

आलेली कामं मग पट्टीने अंगावर घेतली. सकाळी पाट्या, दुपारी कॉलेज. तोच ब्रश, तेच डबे, आणि टोक काढायची तीच रीत. आणि अभ्यासाचं म्हणाल तर आनंदी आनंद. वाचलेलं संध्याकाळपर्यंत डोक्यात राहत नव्हतं. डोकं दुखायचं, पोट बिघडायचं, ओळखीच्या माणसांची नावं ऐन वेळी दगा द्यायची. रसायनशास्त्रात ती नापास झाली. सरांनी सगळ्या वर्गासमोर पेपर हलवून विचारलं, "मुली, तुझ्या डोक्यात नक्की आहे तरी काय?" वर्ग खो खो हसला. पट्टीही हसली. पण घरी येताना तिने मनाशी कबूल करून टाकलं, की आपण मठ्ठ आहोत. शब्द तिचा स्वतःचाच होता. पुढे कितीतरी वर्षं तो तिने कुणाला न सांगता बाळगला.

मग दुकानाची भाड्याची जागा सुटली, धंदा बंद झाला, डबे घराच्या माळ्यावर गेले. पट्टी एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर नोकरीला लागली. आणि चमत्कार झाल्यासारखं सगळं सुधारत गेलं. बापाचं मनगट हळूहळू उचलायला लागलं, ताटं जागेवर राहू लागली, आणि नोकरी करून शिकणारी पट्टी वर्गात पहिली यायला लागली. आई म्हणाली, ग्रह फिरले. पट्टीला वाटलं, झोप पुरेशी मिळते म्हणून असेल. खिडकीच्या त्या बाजूला उभी राहणारी माणसं बघून बघून तिच्या मनाने एकच गोष्ट घेतली होती: आपल्याला डॉक्टर व्हायचंय. पदवी मिळाली आणि तिने पदवीधरांना मुलाखत घेऊन प्रवेश देणाऱ्या एका मेडिकल कॉलेजात अर्ज केला. सुरुवातीचे ते लाजिरवाणे मार्क अर्जात लिहिताना हात जड झाला, पण मुलाखतीचं बोलावणं आलं. ही जागा मिळाली नाही तर वयाची अट एकच संधी आणखी देणार होती.

बोलावणं आल्याचं ऐकून पेंटरने माळ्यावरचे डबे खाली काढले. "दारावर तुझी पाटी मीच रंगवणार," तो म्हणाला. पट्टी ओरडली, "बाबा, अजून कशात काही नाही!" पण ऐकतो कोण. बरा झालेला हात बघून तीही आतून खूश होती. गेल्या आठवड्यात त्याचं पोट दुखायला लागलं तेव्हा तिने दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या आणून दिल्या आणि वर दटावलं, "वय झालं आता, तिखट कमी करा."

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकाजवळ बसलेल्या शिपाईमामांनी सगळ्यांचे मोबाईल जमा करून घेतले आणि बजावलं, मध्येच उठून बाहेर आलात तर मुलाखत संपली म्हणून समजा. आत लांब टेबलामागे तिघे होते. मधे जाड चष्म्याचे अध्यक्ष, एका बाजूला लहान मुलांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई, आणि दुसऱ्या बाजूला मान खाली घालून नुसतं लिहिणारे एक गृहस्थ.

"पहिली दोन वर्षं तुमचे मार्क इतके खाली," अध्यक्ष म्हणाले, "आणि मग एकदम वर्गात पहिल्या. हे कसं काय?"

"घरी अडचण होती, सर. वडील आजारी होते." आईबरोबर ठरवलेलं उत्तर एवढंच होतं.

"काय झालं होतं त्यांना?" बाईंनी विचारलं.

घरातलं बाहेर सांगायचं नाही. पण बाईंच्या आवाजात चौकशी होती, झडती नव्हती, आणि पट्टी बोलून गेली. "पाट्या रंगवायचे. उजवं मनगट लोंबायला लागलं. बोटं वर व्हायची नाहीत. त्याआधी पोटात खूप कळा यायच्या. चिडचिड तर विचारू नका. मग त्यांचं काम मी करायला लागले."

बाई खुर्चीत सरळ बसल्या. "हाताने रंगवायचात? ब्रशला एवढं बारीक टोक कसं काढता तुम्ही लोक?"

हा प्रश्न पट्टीला सगळ्यांत सोपा वाटला. "अशी," ती म्हणाली, आणि समोरचं पेन उचलून तिने ओठांत धरलं, हलकेच फिरवलं.

लिहिणाऱ्या गृहस्थांनीही मान वर केली. आणि ओठांत ते पेन असतानाच पट्टीला पदवीच्या परीक्षेतलं, स्वतःच्या हस्ताक्षरातलं एक उत्तर डोळ्यांपुढे दिसलं. शिशाची विषबाधा, लक्षणे लिहा. पोटात कळा. मनगट लोंबणे. चिडचिडेपणा. डोकेदुखी. विस्मरण. जुन्या तैलरंगात शिसे असते. त्याची चव गोडसर असते. पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते तिला. उत्तर तिने घडाघडा पाठ केलं होतं, आणि त्या उत्तरात अख्खा बाप बसलेला असताना तो तिला एकदाही दिसला नव्हता!

आपण काय केलं हे? पोट दुखतंय म्हणाला तर पित्ताच्या गोळ्या दिल्या. तिखट कमी करा म्हणाले मी. मी, डॉक्टर व्हायला निघालेली! आणि आत्ता, या क्षणी तो घरी काय करतोय?

ती ताडकन उठली. खुर्ची मागे घासली.

"मला फोन करायचाय."

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "बाहेर गेलात तर मुलाखत संपली. नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर," ती म्हणाली आणि दार उघडून बाहेर गेली.

शिपाईमामांकडून मोबाईल घेऊन तिने घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि शेवटी पलीकडून आवाज आला. "हं. मोल." म्हणजे बोल. ओठांत ब्रश होता.

"बाबा, तोंडातला ब्रश काढा."

"ऑं?"

"काढा म्हणते ना! थुंका आधी. चूळ भरा. आईला बोलवा, ते डबे बाहेर नेऊन ठेवायला सांगा. हात नका लावू आता त्यांना!"

काही वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. मग पेंटरचा आवाज मोकळा झाला. "काढला बाई, काढला. एवढं काय आभाळ कोसळलं? अगं, डॉ काय झकास उठलाय, नुसतं पुढचं टिंब राहिलंय. ते देतो आणि..."

"टिंब नको, बाबा." तिला हुंदका आवरेना. "पाया पडते तुमच्या, टिंब देऊ नका."

पोरीचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. "बरं," तो हळूच म्हणाला. "नाही देत. जागा मिळाली का गं?"

तिने फोन ठेवला.

ती बाकावर बसून राहिली. काही वेळाने दार उघडून त्या डॉक्टर बाई बाहेर आल्या आणि तिच्याशेजारी बसल्या. "मी भांडून पाहिलं," त्या म्हणाल्या. "नियमापुढे चालत नाही म्हणतात. यंदा जागा नाही. पुढच्या वर्षी अर्ज कर, आणि त्यात नुसती अडचण म्हणून लिहू नकोस. घरी कोण आहे वडिलांजवळ?"

"आई आहे."

"उद्या सकाळी त्यांना माझ्याकडे घेऊन ये. रक्त तपासू. यावर औषध आहे, घाबरू नकोस." बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि तुझंही रक्त द्यायचंय."

"माझं कशाला?"

"तूही दोन वर्षं टोकं काढलीस ना, तोच रंग ओठांत घेऊन?"

दार बंद झालं. पट्टी त्या बंद दाराकडे बघत राहिली. डोकेदुखी. विस्मरण. ऐन वेळी दगा देणारी नावं, हलवून दाखवलेला तो पेपर, खो खो हसणारा वर्ग. त्या पोरीला ती स्वतः किती वर्षं मठ्ठ म्हणत आली होती, आणि एका शब्दाने कधी तिची बाजू घेतली नव्हती. तिला ओक्साबोक्शी रडू फुटलं.

शिपाईमामा गडबडून उठले. "ताई, असं करू नका. जागा आज ना उद्या मिळेल. एवढ्यासाठी कोणी रडतं का?"

"त्यासाठी नाही हो, मामा," ती नाक पुसत म्हणाली. "मी मठ्ठ नव्हते."

मामांना काही उलगडा झाला नाही. त्यांनी माठातलं पाणी ग्लासात ओतलं आणि तिच्यापुढे धरलं.