त्या बांगड्या कोणाच्या, सर?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढी झाडं असतील, तेवढ्या वेळा तरी आमच्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडम चिडल्या असतील. सकाळी कॉलेजच्या फाटकातून आत येतानाच त्या कुणावर तरी कडाडत असायच्या. माळ्याने कुंपणाजवळचा तरोटा तण समजून उपटला म्हणून, शिपायाने कडुनिंबाला खिळा ठोकून सूचना लावली म्हणून, प्राचार्यांनी पाहुण्यांसाठी नागपूरहून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली फुलं मागवली म्हणून. शिकवताना त्यांची मराठी अगदी पुस्तकातली. राग आला की मात्र थेट पोंभुर्ण्याची, त्यांच्या माहेरची. पहिल्याच सहलीत मी एका पात्याकडे बोट दाखवून "हे गवत आहे" म्हणाले, तर त्या कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. "गवत म्हणजे कोणतं? नाव नाई त्याले? तुले मी 'ए माणूस' म्हणून हाक मारली तर चालंल काय?" आणि दुपारपर्यंत त्यांनी खरंच तशीच हाक मारली. "ए माणूस, पाण्याची बाटली दे."

एकदा धानोऱ्याच्या रस्त्यावर त्यांनी एसटी थांबवली. "भाऊ, थांबवा, थांबवा!" ही किंकाळी ऐकून ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. कुणीतरी चाकाखाली आलं असं समजून सगळी बस उभी राहिली. मॅडम उतरल्या, मोहाच्या झाडाखाली मान वर करून फांदीवरचं ऑर्किड बघत उभ्या राहिल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "आमरी फुलली." कंडक्टर म्हणाला, "बाई, फुलासाठी काऊन गाडी थांबवता?" झालं, तोच सापडला. "पानठेल्यासाठी थांबते ना तुमची गाडी? तेव्हा कोणी काऊन नाई बोलत?"

मी धानोऱ्याजवळच्या खेड्यातली, वर्गात तोंड न उघडणारी. माझ्या न बोलण्याचाही त्यांना राग यायचा. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी गडचांदूरच्या पलीकडे चुनखडीच्या एका खडकावर मला बोटभर उंचीची, निळ्या फुलांची वनस्पती दिसली. मी हळूच मॅडमला दाखवली. त्या पोटावर पालथ्या पडून भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिल्या. उठल्या तेव्हा साडी चिखलाने माखली होती आणि डोळे भरले होते. "मी इतके वर्षं इथून चालून राह्यली, अन् मले नाई दिसली," म्हणाल्या, आणि लगेच माझ्यावर खेकसल्या, "असं कुजबुजून सांगतात काय? ओरडायचं होतं ना!" ती आमच्या भागात आजवर कुणालाच सापडली नव्हती. खात्री करून घ्यायला आम्ही वाळवलेला नमुना आणि फूल माझ्या हातात धरून काढलेले फोटो मोठ्या शहरातल्या एका नामांकित प्राध्यापकांकडे पाठवले.

पुढच्या हिवाळ्यात तेच प्राध्यापक आमच्या कॉलेजात परिषदेला आले आणि पडद्यावर आमच्याच फोटोतलं ते फूल दाखवून "हे मला सापडलं" असं खुशाल सांगू लागले. माझं नाव नाही, मॅडमचं नाही. माझी कानशिलं तापली, पण मी खाली मान घालून बसले. शेजारची मॅडमची खुर्ची धाडकन मागे सरकली.

"सर, फूल धरलेल्या हातात हिरव्या बांगड्या दिसून राह्यल्या. त्या कोणाच्या, सर? तुमच्या तर नाई ना?"

सभागृह खदखदून हसलं. सर पाणी प्यायले. संयोजक धावत आले. "मॅडम, आपण नंतर बोलू."

"नंतर काऊन? चोरी माइकवर झाली, अन् बोलायचं कोपऱ्यात?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "उभी राह्य. नाव सांग."

मी पुटपुटले.

"मोठ्यानं!"

"सुनंदा मडावी!" मी अशी ओरडले की व्यासपीठावर पेंगत असलेले अध्यक्ष दचकून जागे झाले.

त्या फुलावरचा आमचा शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर पहिलं नाव माझं होतं. भोगलं ते मॅडमनी. प्राध्यापक महाशयांचा हात लांबवर पोचायचा. मॅडमची बढती अडली ती निवृत्तीपर्यंत अडलेलीच राहिली. परिषदांची बोलावणी बंद झाली. "बरं झालं, लोकाईची भाषणं ऐकायची कटकट गेली," असं त्या म्हणायच्या. मला ते असं झटकून टाकता येत नाही. त्या माणसाच्या गळ्यात अजून हार पडतात, आणि ते फोटो पाहिले की माझ्या अंगाची आजही लाही होते. मी आता गडचिरोलीला शिकवते. एखाद्या पोरीचं काम कुणी आपल्या नावावर खपवायला लागला की माझा आवाज सगळ्या कॉलेजला ऐकू जातो, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

मॅडम सध्या मुलाकडे असतात, पुण्याला, फार उंच मजल्यावर. रविवारी त्यांचा फोन येतो. इकडे काय फुललं, काय झडलं, ते मी सांगायचं. परवा मी सांगितलं की पळस लाल झालेत, चारोळीला मोहर आलाय, साजाची पानं गळताहेत. एरवी त्या मध्येच माझी चूक काढायच्या. परवा नुसत्या ऐकत होत्या. इतक्यात माझ्या दारात कुणीतरी आलं, म्हणून मी विचारलं, "ठेवू काय, मॅडम?"

त्या अगदी हळू म्हणाल्या, "अजून एखादं झाड सांग ना गं."