औषधाची त्याच दिवशी जावक

विषय : सौ. सुनंदा हिच्या केमोथेरपीत मी केलेला अनधिकृत हस्तक्षेप.
संदर्भ : मुलुंड येथील राहत्या घरी उकळलेला काढा.

तर मंडळी, घोटाळा सर्वस्वी माझा. चहा घ्या आणि ऐका. चहा मी केलेला नाही, निर्धास्त प्या.

सगळी नोकरी मी आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला कागद त्याच दिवशी बाहेर, ही माझी ख्याती. सुनंदाची केमो सुरू झाली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हे औषध म्हणजे एक प्रकारचं विषच." झालं! विषाची आवक झाली, मग जावक नको?

गुळवेल, कडुनिंब, आणि 'शरीरशुद्धी' म्हणून मोबाइलवर जे जे दिसलं ते सगळं पातेल्यात.

"अहो, गटार साफ करायचंय का?"

"नाक दाब आणि पी."

माझ्या समाधानासाठी ती प्यायली. काही दिवसांत तिच्या उलट्या थांबल्या! मी इमारतभर मिरवलो. तळमजल्यावरचे सावंत गुडघे धरून आले. "माका पण दी रे थोडो!"

पुढच्या केमोला मी थर्मास भरून नेला. डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडून वास घेतला. त्यांचा चेहराच बदलला.

"काका, विष निकामी करणारी एन्झाइम्स पेशींत असतातच. कर्करोगाच्या पेशींतही. ज्या पेशीत ती जास्त, ती पेशी केमोला दाद देत नाही. औषध निकामी करून बाहेर टाकते. आमची सगळी धडपड ते आत टिकावं म्हणून. आणि काही वनस्पतींनी ही एन्झाइम्स आणखी जोर धरतात. तुमच्या काढ्याने नेमकं काय केलं, मला सांगता येणार नाही."

"पण उलट्या थांबल्या ना?"

"त्या तशाही थांबतात."

म्हणजे त्या पेशींत माझ्यासारखेच तत्पर कारकून बसलेले, आणि मी त्यांना वरून मदतनीस पुरवत होतो! तुम्ही हसा. मी मात्र थर्मास तिथल्याच बेसिनमध्ये रिकामा केला.

रिक्षात सुनंदाने रिकामा थर्मास माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "आजपासून स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही."

"चहापुरता तरी?"

"स्कॅन होऊ दे. गाठ कमी झाली असेल तर बघू."

स्कॅन अजून व्हायचा आहे. मी रोज सकाळी उंबऱ्याबाहेर उभा राहून तोंडी अर्ज करतो. ज्याने टेबलावर कधी कागद शिळा होऊ दिला नाही, त्या माणसाचा अर्ज तिच्याकडे पडून आहे. निर्णय प्रलंबित.