रंग वाळेपर्यंत

रंगकाम करणाऱ्या पोरा,

मला आजी म्हणायचास, म्हणून हक्काने लिहिते. हे पाठवायचं कुठे, ते पुढे बघू.

तुझा संसार पहिल्यांदा पाहिला तो आमच्या शेजारच्या रिकाम्या घरात. जुना भाडेकरू गेलेला, नवा यायचा होता, आणि मधल्या दिवसांत तू भिंती रंगवत होतास. डोकावले तर आत स्टोव्ह, गादी, आणि केसांत पांढरे ठिपके घेऊन रांगणारी तुझी लेक. मालकाला तू सांगायचास, रंग ओला आहे अजून. भाड्याचं घर सुटल्यापासून तुम्ही असेच राहत होतात, एका ओल्या घरातून दुसऱ्या ओल्या घरात. बायको तुझी म्हणाली, "आमच्यासारखी चैन कुणाची, आजी? सदा नवंकोरं घर." हसली, आणि लेकीला खोकल्याची ढास लागली तशी तिला उचलून खिडकीशी घेऊन गेली.

डॉक्टरने बजावलं होतं, पोरीला रंगाचा वास बंद. गावात निवारे दोन, एक बायकापोरांचा, एक पुरुषांचा. तिघांना एकत्र घेणारा एकही नाही. बापाला वेगळं काढल्याशिवाय मदतच करता येत नाही, ही अक्कल कुणाची कोण जाणे. मी स्वतः भाच्याच्या घरी राहते, नाहीतर माझ्याच खोलीत घातलं असतं तुम्हाला.

हाच भाचा आमच्या इमारतीचा सेक्रेटरी. तळमजल्याची अडगळीची खोली एकाएकी बेघर झालेल्या तरुण कुटुंबांसाठी ठेवू म्हणाला. पहिलं कुटुंब तुझं. रंग तू लावायचास, मजुरी न घेता. माझ्यासमोर तुझ्या पाठीवर थाप मारली त्याने. "तुझंच घर समज."

तू समजलास. पोपडे खरवडलेस, नवा गिलावा केलास, लेकीच्या झोळीसाठी छतात जाड लोखंडी आकडा बसवलास आणि त्याला स्वतः लोंबकळून दाखवलंस. मग आजवर कधी केलं नव्हतंस ते केलंस. रंग पुरता वाळू दिलास. बायको-लेक बायकांच्या निवाऱ्यात, तू बसस्टँडच्या बाकावर. मी म्हटलं, आजच सामान टाक. तू म्हणालास, "नको आजी. या वेळी वास गेल्यावरच."

ओल्या घरातून तुला कधी कुणी हुसकलं नव्हतं. वास गेला आणि तिघं गादी घेऊन आलात, तर दाराला नवं कुलूप, आत व्यायामाची यंत्रं. वर येऊन मी भाच्याला फैलावर घेतलं. तो चहा ढवळत राहिला. सभासदांचं मत बदललं म्हणे. एकाला घेतलं की दारात रांग लागेल. अरे शहाण्या, रांग आहे म्हणून तर खोली हवी होती. "मावशी, तू मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाला. याचं शेंबडं नाक पुसलं आहे मी. मी मध्ये नसते तर तू फुकट ब्रश उचलला नसतास, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तेव्हा मला खाली बोलावून उभं केलं होतं.

तू भांडला नाहीस. बायको मात्र जाताना त्याला म्हणाली, "रंग छान वाळलाय, साहेब. हात लावून बघा." आणि तू मला एवढंच सांगितलंस, "आजी, तेवढा आकडा काढून ठेवा. येईन न्यायला."

आकड्याला आता ठोसे मारायची पिशवी टांगली आहे. भाचा सकाळी दणादण ठोकतो तिला. तुझा आकडा तसूभर हलत नाही. किल्ली मागितली की म्हणतो, मग पिशवी कुठे टांगू? तू न्यायला आला नाहीस. मी काढून ठेवलेला नाही.